इंग्लंडच्या शाळेतलं ‘इयर थ्री’: सप्टेंबर ते डिसेंबर मूल नेमकं काय शिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग गावी आलेल्या कुटुंबातली मुलगी साडेसात वर्षांची आहे. पुण्यात तिची पहिली संपली, इथल्या शाळेने तिला थेट ‘इयर थ्री’त बसवलं. पाठ्यपुस्तक एकही नाही, वह्या शाळेतच राहतात, आणि गृहपाठ म्हणजे दहा शब्द व एक गोष्टीचं पुस्तक. ती शाळेत शिकते तरी काय, मागे पडणार नाही ना, आणि घरी काय करून घ्यायचं?

आधी वर्गाचा घोळ सोडवू. 31 ऑगस्टपर्यंत सात वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये इयर थ्रीत जातं. वयाने हा वर्ग आपल्या दुसरीच्या जवळपास आहे, तेव्हा तिने कोणतंही वर्ष गाळलेलं नाही. फरक आहे तो वेगळाच. इथली मुलं ‘रिसेप्शन’ (इयर वनच्या आधीचं वर्ष) धरून तीन वर्षं याच व्यवस्थेत काढून आलेली असतात. दोन, पाच आणि दहाचे पाढे, दोन अंकी बेरीज-वजाबाकी आणि उच्चारावरून वाचण्याची पद्धत, म्हणजे फोनिक्स, त्यांचं झालेलं असतं. शिक्षक हे सगळं गृहीत धरून पुढे जातात. आपल्याकडे पहिलीत आकडे साधारण शंभरपर्यंत जातात. म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत तिला थोडी धाप लागेल, पण ती गणिताच्या डोक्याची नव्हे, न झालेल्या भागाची.

पुस्तक नाही म्हणजे अभ्यासक्रम नाही असं मात्र नाही. इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम सप्टेंबर 2014 पासून लागू आहे आणि तो चांगलाच नेमका आहे. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. एडिंबरात राहणाऱ्या मावशीचा सल्ला इथे चालणार नाही.) गणित आणि विज्ञान वर्षावार दिलेलं आहे. इंग्रजी वाचन-लेखन इयर थ्री आणि फोर मिळून दिलं आहे. इतिहास-भूगोल तर इयर थ्री ते सिक्स अशा चारही वर्षांसाठी एकत्र सांगितले आहेत, कोणता भाग कधी घ्यायचा ते शाळा ठरवते. त्यामुळे शेजारच्या शाळेतलं मूल ज्वालामुखी शिकतंय आणि आपलं अश्मयुग, यात काही बिघडलेलं नसतं. सरकारी शाळांना प्रत्येक वर्षाचा विषयवार अभ्यासक्रम आपल्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तिथे ‘करिक्युलम मॅप’ किंवा ‘लाँग टर्म प्लॅन’ शोधा. टर्मच्या सुरुवातीला येणारं ‘नॉलेज ऑर्गनायझर’ नावाचं एकपानी पत्रकही फ्रिजवर लावा. त्यातले पंधरा-वीस शब्द हाच त्या विषयाचा गाभा असतो.

गणित: तीन मोठे भाग, बाकी नंतर

बऱ्याच शाळा ‘व्हाइट रोझ’ या योजनेच्या क्रमाने जातात. त्यात पहिल्या टर्ममध्ये तीनच गोष्टी येतात: सुरुवातीचे साधारण तीन आठवडे हजारापर्यंतची स्थानिक किंमत, पुढचे पाच आठवडे तीन अंकी बेरीज-वजाबाकी, आणि शेवटी गुणाकार-भागाकाराचा पहिला भाग. लांबी, अपूर्णांक, वजन हे जानेवारीनंतर. घड्याळ, पैसे, आकृत्या त्यानंतरच्या उन्हाळी टर्ममध्ये. पालकांना हे फार संथ वाटतं. पण एकाच संख्येला किती बाजूंनी पाहायचं याचा सराव या संथपणात दडलेला असतो, आणि नवी मुलं अडतात ती नेमकी तिथेच.

स्थानिक किमतीचं उदाहरण घ्या. 347 म्हणजे 3 शतक, 4 दशक, 7 एकक हे आपली मुलं पटकन शिकतात. इथे पुढचा प्रश्न असतो: 347 आणखी कसे फोडता येतील? 200 + 140 + 7 चालेल का? 340 + 7? ठोकळ्यांनी करून दाखव, चकत्यांनी दाखव, मग रेघेवर दाखव. हा खेळ उगाच नाही. पुढे वजाबाकीत शतक मोडून दशक करायचे असतात, त्याची ही पूर्वतयारी आहे.

चुका ठरलेल्या जागी होतात. ‘थ्री हंड्रेड अँड फाइव्ह’ ऐकून मूल 3005 लिहितं, कारण कानाला आधी तीनशे ऐकू आले आणि मग पाच. शतक-दशक-एककाच्या एकावर एक ठेवता येणाऱ्या पट्ट्या कागदाच्या कापून घ्या (300, 40, 7 अशा, उजवी कड जुळवून ठेवायच्या), दोन दिवसांत ही चूक जाते. दुसरी चूक मराठीत मोजणाऱ्या मुलांची आहे. सत्तेचाळीस म्हणताना आपण एकक आधी बोलतो, म्हणून 47 च्या जागी 74 लिहिलं जातं. शिक्षकांना याचं कारण ठाऊक नसतं आणि ते काळजीत पडतात, त्यांना जरूर सांगा. तिसरी चूक ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ची. इथे कान चुकतो, हिशेब नाही.

संख्यारेषेवर आणखी एक सापळा असतो. एका टोकाला 0, दुसऱ्या टोकाला 100, मध्ये तीन खुणा. मूल खुणांवर 10, 20, 30 लिहून मोकळं होतं. खुणा मोजायच्या नसतात, खुणांमधले भाग मोजायचे असतात. इथे भाग चार, प्रत्येक 25 चा. मोजपट्टी हातात देऊन ‘उडी कितीची?’ एवढंच विचारा.

बेरीज-वजाबाकीत उभी मांडणी लगेच येत नाही. आधी दोनेक आठवडे तोंडी: 264 मध्ये 5 मिळव, 50 मिळव, 500 मिळव, कोणता अंक बदलला? मग दहा किंवा शंभर ओलांडणाऱ्या बेरजा. उभी मांडणी त्यानंतर. आपण ज्याला हातचा म्हणतो त्याला आणि वजाबाकीतल्या उसनवारीला इथे दोन्हीकडे ‘एक्स्चेंज’ म्हणतात. दहा एकक देऊन एक दशक घ्यायचा किंवा उलट, देवाणघेवाण, उसनं काही नाही. शब्द घरीही हाच वापरा. जुन्या पिढीतले काहीजण वजाबाकीत वरच्या अंकाला दहा देऊन खालच्या अंकात एक मिळवतात. पद्धत बरोबर आहे, उत्तरही बरोबर येतं, पण आजोबांनी ती व्हिडिओ कॉलवर शिकवली की मुलाच्या वहीत दोन पद्धतींची खिचडी होते. निदान या टर्मपुरतं आजोबांना थांबवा.

अवघड जागा कोणती? 402 − 178. दशकाच्या घरात शून्य आहे, तिथून काही घेता येत नाही. म्हणून शतकाकडे जायचं: 4 शतकांतला एक मोडला, 3 शतक आणि 10 दशक झाले. आता त्या दहांतला एक दशक मोडला, 9 दशक आणि 12 एकक झाले. 12 − 8 = 4, 9 − 7 = 2, 3 − 1 = 2, उत्तर 224. मुलाने 376 लिहिलं असेल तर ते निष्काळजी नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं आहे: 8 मधून 2, 7 मधून 0, 4 मधून 1. ही सवय दोन अंकी वजाबाकीत लागलेली असते, म्हणून तीन अंकी गणितं आणखी दहा देऊन ती जाणार नाही. मागे जा, 52 − 38 नाण्यांनी करून घ्या: दहा पेन्सची पाच, एक पेनीची दोन नाणी. आठ पेन्स द्यायचे तर एक दहाचं नाणं सुटं करावंच लागतं.

आणि 402 − 398 आलं तर? उभी मांडणी करणाऱ्या मुलाला शिक्षक थांबवतील. 398 वरून 402 वर जायला चारच पावलं. ‘कोणती पद्धत निवडलीस आणि का?’ या प्रश्नाला इथे गुण आहेत. आपल्या मुलांचं उत्तर बरोबर असतं, पण वाक्य येत नाही. घरी गणित तपासताना रोज एकाच गणिताला ‘तुला कसं कळलं?’ विचारा आणि उत्तर पूर्ण वाक्यात घ्या. मराठीतही चालेल, आधी विचार नीट लागू द्या.

नोव्हेंबर-डिसेंबरात गुणाकार. इयर थ्रीचे पाढे 3, 4 आणि 8 चे. चारचा पाढा दोनच्या दुप्पट, आठचा चारच्या दुप्पट, अशा नात्याने शिकवतात: 2 × 7 = 14, 4 × 7 = 28, 8 × 7 = 56. ही युक्ती मुलांना आवडते, पण 14 आणि 28 ची दुप्पट झटपट येत नसेल तर ती लंगडी पडते. आधी पन्नासच्या आतल्या संख्यांची दुप्पट पक्की करा.

पाढे मराठीत म्हणावेत का? खुशाल. ‘चार त्रिक बारा’ ज्याच्या जिभेवर आहे त्याचं निम्मं काम झालं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आपण पाढा ओळीने म्हणतो, इथे प्रश्न मधूनच येतो. 8 × 7 साठी मूल ‘आठ एके’पासून चढत येत असेल तर पाठांतर आहे, पण उपयोगाचं नाही. म्हणून पाढा बसल्यावर उलटसुलट विचारायचं, आणि ‘56 मध्ये आठ किती वेळा?’ हेही. दोन, आपला पाढा ‘दाहे’वर थांबतो, इथला बाराव्या ओळीपर्यंत जातो. पुढच्या वर्षी, इयर फोरच्या जूनमध्ये, सगळ्या मुलांची संगणकावर पाढ्यांची तपासणी होते: 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद, 12 × 12 पर्यंत. त्यात 8 × 12 आलं की आठचा मराठी पाढा हात वर करतो. उपाय सोपा आहे, बाराचा पाढा शिकवा, ‘बारा आठे शहाण्णव’ तिथे आहेच. अकरा आणि बाराचे पाढे आले की 11 × 11 = 121, 11 × 12 = 132 आणि 12 × 12 = 144 एवढेच तीन उरतात. ते वेगळे पाठ करून टाकायचे. या तपासणीला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी रेघ नाही, त्यासाठी शिकवणी लावू नका.

शाळेच्या पुढे पळून चार अंकी गुणाकार घरी शिकवणं हा आपल्या घरांतला आवडता उद्योग आहे. त्याने वर्गात कंटाळा येतो आणि ‘मला येतं’ म्हणून मूल ऐकणं सोडतं. पुढे नेण्यापेक्षा त्याच तीन भागांत खोल नेलेलं बरं.

इंग्रजी: खरी चढण इथे आहे

पुण्यात इंग्रजी माध्यमात असलेल्या मुलीचं इंग्रजी बरं असतं, असा पालकांचा समज असतो. पुस्तकातलं वाचता येणं आणि इयर थ्रीत अपेक्षित असलेलं वाचन यांत मात्र अंतर आहे.

पहिला प्रश्न फोनिक्सचा. इथली मुलं इयर वनच्या जूनमध्ये 40 शब्दांची तपासणी देतात. त्यातले 20 शब्द अर्थहीन, निव्वळ ध्वनी जोडून वाचायचे असतात. तुमच्या मुलीने हे काहीच केलेलं नाही. ती शब्दांची चित्रं ओळखून वाचत असेल तर ओळखीचे शब्द झरझर येतील आणि अनोळखी शब्दावर ती अंदाज ठोकेल: पहिलं अक्षर बघून ‘हॉर्स’च्या जागी ‘हाऊस’. हे दिसलं तर पहिल्याच महिन्यात शिक्षकांना विचारा, मागे पडलेल्यांसाठी फोनिक्सचा छोटा गट असतो का. बहुतेक शाळांत असतो, पण इयर थ्रीत तो मागावा लागतो.

मराठी कानाच्या काही अडचणी ठरलेल्या आहेत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ करतो, बोलताना बऱ्याचदा करत नाही. ‘बेड’ आणि ‘बॅड’ही तसेच. इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच ‘व’ आहे, म्हणून ‘वेट’ आणि ‘व्हेट’ लिहिताना गोंधळतात. आरशासमोर उभं करा: एकात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. पाच मिनिटांचं काम आहे.

वाचनाचं पुस्तक रंगाच्या पट्ट्यावरून, म्हणजे ‘बुक बँड’वरून दिलेलं असतं. मूल दोन रंग खाली दिसलं की पालक अस्वस्थ होतात. शिक्षक रंग ठरवताना फक्त न अडखळता वाचणं बघत नाहीत, वाचलेलं कळलं का ते बघतात. आणि कळण्यात ‘इन्फरन्स’ हा शब्द वरचेवर येतो: जे लिहिलेलं नाही ते लिहिलेल्यावरून ओळखणं. समजा मजकुरात आहे, ‘आईने तिसऱ्यांदा पर्स उलटी केली. बाहेर बस निघून गेली.’ प्रश्न: आईला काय वाटत होतं, कशावरून? आपल्या मुलांचं उत्तर बहुधा ‘बस निघून गेली’ असं येतं, कारण पाठाखालच्या प्रश्नाचं उत्तर ओळीत सापडतंच, अशी सवय असते. इथे उत्तराचे दोन तुकडे हवेत, भावना आणि पुरावा: ती वैतागली होती, कारण तिने तिसऱ्यांदा पर्स उलटी केली. रोज वाचून झाल्यावर असा एकच प्रश्न विचारा. दहा विचारलेत तर पुस्तकच नको होईल.

लेखन दोन-तीन आठवडे एकाच मजकुराभोवती फिरतं. आधी नमुना वाचायचा, त्यातली शब्दकळा उचलायची, तोंडी सांगायचं, आराखडा करायचा, मग लिहायचं आणि शेवटी वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतःच दुरुस्त करायचं. या टर्ममध्ये सहसा एक गोष्ट, एक कृती (अश्मयुगीन झोपडी कशी बांधावी, अशी), एक माहितीपर लेख आणि एखादी कविता होते. निबंध पाठ करून लिहिणं ही कल्पनाच इथे नाही. पाठ केलेली छान वाक्यं पेरलेली लगेच ओळखू येतात.

व्याकरण मात्र नावानिशी शिकवतात, कोणी काही म्हणो. इयर थ्रीच्या यादीत उपसर्ग, शब्दकुल, उभयान्वयी अव्यय, प्रिपोझिशन, गौण वाक्य आणि संवादाची अवतरणचिन्हं आहेत. वेळ आणि कारण दाखवायला व्हेन, बिफोर, आफ्टर, व्हाइल, सो, बिकॉज हे शब्द वापरता आले पाहिजेत, परिच्छेद पाडता आले पाहिजेत, आणि ‘आय हॅव ईटन’सारखा वर्तमान पूर्ण काळ यायला हवा. हा काळ मराठी मुलांना सोपा जातो. आपलं ‘मी जेवलेय’ तेच तर सांगतं. अवघड जातात ए, ॲन आणि द. मराठीत उपपदच नाही, त्यामुळे मूल ते गाळतं आणि गाळल्याचं त्याला जाणवतही नाही. नियम सांगून फार उपयोग होत नाही. स्वतः लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा, आणि प्रत्येक नामावर बोट ठेवून ‘यापुढे काही हवंय का?’ विचारा.

स्पेलिंगसाठी इयर थ्री-फोरची सुमारे शंभर शब्दांची ठरलेली यादी आहे: बिलिव्ह, कॅलेंडर, फेब्रुवारी, आयलंड, नॉटी, थ्रू, दो, वुमन-विमेन असे दगाबाज शब्द. दोन वर्षांची यादी आहे, एकाच टर्ममध्ये संपवायची नाही. दर आठवड्याला येणारे दहा शब्द बहुतेकदा एका नियमाचे असतात. उदाहरणार्थ ‘बिगिनिंग’मध्ये एन दुप्पट होतो, ‘गार्डनिंग’मध्ये होत नाही, कारण पहिल्यात जोर शेवटच्या अवयवावर आहे. नियम कळला तर दहा शब्द एकदम येतात. गुरुवारी रात्री प्रत्येक शब्द दहादा लिहून घेणं ही सर्वांत वाया जाणारी मेहनत आहे. शुक्रवारी दहापैकी दहा, आणि पुढच्या बुधवारी गोष्ट लिहिताना तोच शब्द चुकलेला. शब्द बघायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, ताडून पाहायचा. सोमवार ते गुरुवार रोज पाच मिनिटं.

अक्षर जोडून लिहायचं असतं, आणि कोणत्या अक्षराचा शेपूट कुठे जोडायचा याची प्रत्येक शाळेची पद्धत वेगळी. शाळेचा नमुना मागून घ्या. आपल्या कर्सिव्हच्या वह्या इथे आणू नका.

अश्मयुग, खडक आणि उरलेलं

इतिहासात इयर थ्रीच्या पहिल्या टर्ममध्ये बऱ्याच शाळा अश्मयुग ते लोहयुग घेतात, आणि त्याला जोडून विज्ञानात खडक. शिकारी-फळं गोळा करणारे लोक, मग इ.स.पू. 4000 च्या सुमारास आलेली शेती, ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे हे दगडी घरांचं गाव, स्टोनहेंज हे उभ्या दगडांचं वर्तुळ, कांस्य, लोखंड, मेडन कॅसलसारखे टेकडीवरचे कोट, आणि इ.स. 43 मध्ये रोमन आले की पडदा. तारखा पाठ करायच्या नसतात, क्रम आणि बदल सांगायचा असतो: आधी काय होतं, मग काय झालं, त्याने जगणं कसं बदललं.

नेहमीची अडचण इ.स.पू.ची. 3000 हे 2000 पेक्षा मोठं, मग ते आधी कसं? जमिनीवर दोरी पसरा, मध्ये शून्याच्या जागी चिमटा लावा, डावीकडे मोजत जा. दुसरा गैरसमज डायनासोरचा. निम्म्या वर्गाला वाटतं की गुहेतली माणसं त्यांच्यापासून पळत होती. इथे आपल्या घराला एक भर घालता येते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगीन गाव उत्खननात सापडलं आहे, डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं. ब्रिटनमध्ये कांस्ययुग चालू होतं त्या काळात तिथे शेतकरी राहत होते. वर्गात सांगायला याहून चांगली गोष्ट नाही.

खडकांत अभ्यासक्रमाची मागणी छोटी आहे: दिसण्यावरून आणि गुणधर्मांवरून गट करणं, जीवाश्म कसे होतात हे सोप्या शब्दांत सांगणं, माती ही खडक आणि सडलेल्या जैव पदार्थांची बनते हे कळणं. अग्निज, गाळाचे, रूपांतरित ही नावं बऱ्याच शाळा शिकवतात, पण ती सक्तीची नाहीत. प्रयोग साधे असतात. ड्रॉपरने चॉक, ग्रॅनाइट, स्लेट, वाळूचा दगड यांच्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि कोणता पाणी शोषतो ते पाहायचं, खिळ्याने ओरखडायचं. गुण मिळतात ते न्याय्य चाचणीला: प्रत्येकावर थेंब तेवढेच, थांबायचं तेवढंच, बदलला फक्त खडक. मुलं निष्कर्षाला घाई करतात आणि ‘ग्रॅनाइट जिंकला’ असं लिहितात. कशात, किती, ते राहून जातं. सुट्टीत पुण्याला गेलात तर सह्याद्रीतल्या बसाल्टचा एक तुकडा आणा. लाव्हा थंड होऊन झालेला तो दगड चॉकशेजारी ठेवला की फरक हाताला कळतो. त्यात जीवाश्म सहसा का सापडत नाहीत, हाही प्रश्न आपोआप निघतो.

काही शाळा खडकांऐवजी आधी सांगाडा, स्नायू आणि आहार घेतात. वनस्पती, प्रकाश, बल व चुंबक हे इयर थ्रीचे बाकीचे धडे वर्षभरात येतात.

भूगोल, कला, संगणक, संगीत, डिझाइन यांना आठवड्याला तासभर मिळतो, कधी आलटून पालटून. भूगोलात आठ दिशा आणि नकाशा. संगीतात अख्ख्या वर्गाला मिळून रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य) किंवा युकुलेली (छोटी गिटार). संगणकावर बहुधा ‘स्क्रॅच’ ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. परकीय भाषा इयर थ्रीपासून सक्तीची, बहुधा फ्रेंच किंवा स्पॅनिश, आणि इथे तुमची मुलगी बाकीच्यांच्या बरोबरीने सुरुवात करते. दोन-तीन भाषांत वाढलेली मुलं बऱ्याचदा पुढेच जातात. पोहण्याचे तास काही शाळा याच वर्षी घेतात. प्राथमिक शाळा संपेपर्यंत 25 मीटर पोहता यायला हवं, अशी अपेक्षा आहे.

धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय नसून स्थानिक पातळीवर ठरतो. पालकांना मुलाला त्यातून वगळता येतं, पण त्याची गरज क्वचितच पडते. त्या तासांना अनेक धर्मांची ओळख असते, आणि दिवाळी याच टर्ममध्ये येते. वर्गात दिवाळी म्हणजे राम-सीता परत आले आणि पणत्या लागल्या, एवढंच असतं. तुमच्या मुलीला आकाशकंदील आणि मातीचा किल्ला घेऊन पाठवा. किल्ला कशाला, हे तिला तीन वाक्यांत सांगता आलं की इंग्रजी बोलण्याची भीती निम्मी उतरते.

टर्मचं वेळापत्रक आणि घरचा अभ्यास

टर्म सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, ऑक्टोबरअखेर आठवड्याची ‘हाफ टर्म’ सुट्टी, मग नाताळपर्यंत दुसरा भाग. पहिले दोन आठवडे चाचण्या आणि उजळणीत जातात, शेवटचे दोन कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, आणि कार्यक्रमांत. नवं शिकवणं मधल्या दहा-अकरा आठवड्यांतच होतं. आजारपणाने किंवा लग्नासाठी भारतात जाऊन त्यातला आठवडा बुडाला तर उभी वजाबाकी किंवा अख्खा पाढा निसटतो. परवानगीशिवाय रजा घेतली तर दंडाची नोटीसही येऊ शकते.

इयर थ्रीपासून आणखी काही गोष्टी बदलतात, त्या कोणी आधीच सांगत नाही. लहान वर्गांना सकाळी मिळणारं मोफत फळ बंद होतं, खाऊ घरून द्यायचा. रिसेप्शन ते इयर टूच्या सगळ्या मुलांना मिळणारं मोफत जेवणही थांबतं (लंडनमधल्या सरकारी शाळा सध्या याला अपवाद), म्हणजे पैसे भरा किंवा डबा द्या. एका वर्गात तीसच मुलांची कायदेशीर मर्यादाही लहान वर्गांपुरतीच असते.

घरी रोज तीस मिनिटं पुरतात: पंधरा मिनिटं तिने मोठ्याने वाचायचं, पाच मिनिटं स्पेलिंग, पाच मिनिटं पाढे, पाच मिनिटं त्या आठवड्याच्या गणितातलं एक कोडं. वाचनाच्या नोंदवहीत सही करताना ‘छान’ न लिहिता कुठे अडली ते लिहा. शिक्षक ती वाचतात. झोपताना तुम्ही तिला वाचून दाखवा, मराठी पुस्तक असलं तरी. घरात इंग्रजी सुरू करू नका. मराठीत गोष्ट नीट सांगता येणारं मूल इंग्रजीत ती लवकर सांगू लागतं. दोन्हीकडे अर्धवट भाषा असली की लिहिण्यात अडतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘पेरेंट्स इव्हिनिंग’ असते, वेळ बहुधा दहा मिनिटं. ‘कशी आहे?’ विचारलंत तर ‘शी इज लव्हली’ ऐकून परत याल. तीन प्रश्न लिहून न्या. फोनिक्समध्ये तिच्या कोणत्या ध्वनींची कमतरता आहे? वाचनात ती शब्दांवर अडते की अर्थावर? गणितात तिचं उत्तर चुकतं की स्पष्टीकरण? शिक्षकांनी ‘वर्किंग टुवर्ड्स’ म्हटलं तर घाबरू नका. वर्षअखेरीच्या अपेक्षेपर्यंत अजून पोहोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि नोव्हेंबरात निम्मा वर्ग तिथे असू शकतो. त्याच वेळी वही दाखवायला सांगा: सप्टेंबरचं पहिलं लेखन आणि आताचं, शेजारी शेजारी ठेवून.